होडीत पाय ठेवण्याआधी आभाळ बघा



खळ्यावर ज्वारी पसरायची असली की आपण आधी मान वर करतो. मावळतीला काळे दिसते का, वारा कोणत्या दिशेचा आहे, गुरे बेचैन झाली आहेत का, हे बघूनच ताडपत्री बाजूला सारतो. कांदा काढून रानात पडला असेल तर रात्री दोनदा उठून आभाळ बघून येतो. चार पोती धान्यासाठी इतकी काळजी घेणारे आपण सुट्टीत पाहुण्यांबरोबर धरणावर फिरायला जातो, समोर होडी दिसते, आणि मान वर करायची विसरतो. लेकरे उड्या मारीत पुढे, त्यांच्यामागे बायामाणसे आणि शेवटी पैसे देणारा कर्ता पुरुष. 'माणशी किती घेणार?' आणि 'किती वेळ फिरवणार?' हे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. 'आज वारं कसं आहे?' हा तिसरा प्रश्न मात्र कोणाच्या तोंडी येत नाही. आज याच तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलू.

आपल्या आजोबांच्या काळी होडी म्हणजे नदी ओलांडायचे साधन होते. पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर असे. धरणे झाली आणि हे चित्र पालटले. कोयनेचा शिवसागर, पैठणचा नाथसागर, भीमेवरचे उजनीचे पाणी, ही आता नुसती तळी राहिली नाहीत. उजनी धरण १९८० साली पुरे झाले. भरले की त्यात सुमारे ११७ टी.एम.सी. पाणी मावते. अशा पाण्यावर आता लोक हौसेने फिरायला येतात. थंडीत भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी बघायला होड्या निघतात, तापोळ्याला शिवसागरात सफरी होतात, मालवणला लोक होडीने सिंधुदुर्ग किल्ला बघायला जातात. यात वाईट काही नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाने चार घटका पाण्यावर काढाव्यात, लेकरांना पक्षी दाखवावेत, यापरते चांगले काय? पण नदी ओलांडण्याची सवय घेऊन धरणाच्या पाण्यावर जाऊ नये, एवढेच सांगायचे आहे.

२१ मे २०२४ ची संध्याकाळ आठवा. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे उजनीच्या पाण्यातून एक होडी निघाली होती. ती काही सहलीची होडी नव्हती. रोजच्या येण्याजाण्याची वाट होती, माणसे त्याच भागातली होती. मधेच वादळी वारा सुटला, होडीत पाणी शिरले आणि ती उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले, त्यात दोन अगदी लहान मुले होती. ज्यांना त्या पाण्याची रोजची ओळख, त्यांच्यावर ही वेळ आली. मग वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याने किती जपायला हवे, याचा विचार ज्याने त्याने करावा.

असे का होते ते समजून घेऊ. शेततळ्यावर कितीही वारा सुटला तरी लाट उठते ती वीतभर. कारण वाऱ्याला पाणी ढकलायला जागाच मिळत नाही. तोच वारा दोन-चार किलोमीटर उघड्या पाण्यावरून धावत आला की लाटेवर लाट चढते. शिवाय धरणातली लाट समुद्राच्या लाटेसारखी लांब आणि संथ नसते. ती आखूड, उभी आणि पाठोपाठ येते. पहिलीतून होडी सावरते न सावरते तोच दुसरी आदळते. काठोकाठ माणसे भरली असतील तर होडीची कड पाण्यापासून जेमतेम वीतभर वर राहते. मग एका लाटेने घोटा बुडेल इतके पाणी आत येते, होडी जड होते, आणखी खाली बसते आणि पुढची लाट सरळ आत येते. आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून 'थोडंसंच वारं वाढलंय' या बोलण्याला पाण्यावर अर्थ नाही.

वळवाच्या दिवसांत हा वारा येतो कसा, हे तुम्हाला शेतात बसून ठाऊकच आहे. चैत्र-वैशाखात दुपारपर्यंत ऊन रणरणते, आभाळात कोबीच्या गड्ड्यासारखे ढग चढू लागतात, तिसऱ्या प्रहरी त्यांचा तळ काळा पडतो. पाऊस सुरू झाला की ढगातली गार, जड हवा धाडकन खाली येते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. ही हवा पावसाच्या पुढे धावते. म्हणून पाऊस अजून पलीकडच्या गावाला असतो आणि आपल्या अंगणात धुळीचा लोट उठतो, पत्रे वाजू लागतात, मातीचा वास येतो. रानात असताना ती गार झुळूक अंगाला बरी वाटते. होडीत असाल तर ती झुळूक म्हणजे शेवटचा इशारा समजा. तिच्यामागून येणाऱ्या वाऱ्याला फार वेळ लागत नाही. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत आणि पुन्हा परतीच्या पावसात, आश्विनाच्या आसपास, दुपारनंतरच्या होडीच्या फेरीचा मोह टाळावा, तो यासाठी.

आता तयारी कशी करायची ते पाहू. पहिली पायरी घरीच, आदल्या दिवशी. आकाशवाणीच्या बातम्यांत हवामानाचा अंदाज येतो. आता घराघरात मोबाइल आहे, त्यावर भारतीय हवामान विभागाचा जिल्हावार अंदाज मिळतो. 'मौसम' हे त्यांचेच ॲप आहे. विजेची सूचना देणारे 'दामिनी' ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केले आहे. आपण असू तिथून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते सांगते. शेतीसाठी तुम्ही ही साधने वापरीतच असाल. सहलीच्या दिवशीही वापरा.

अंदाज वाचताना मात्र एक गफलत होते. हवामान खाते चार रंग वापरते. हिरवा म्हणजे काळजी नको, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत रहा, लाल म्हणजे ताबडतोब पावले उचला. आपण पिवळा बघतो आणि म्हणतो, 'पिवळाच आहे, काही होत नाही.' रानातल्या माणसाला ते चालून जाते. त्याला पळायला गोठा आहे, घर आहे. पण पिवळ्या रंगाच्या इशाऱ्याखाली पुष्कळदा लिहिलेले असते की विजांच्या कडकडाटासह पाऊस आणि ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे. एवढा वारा लहान होडीला पुरेसा आहे. जमिनीवरचा पिवळा रंग पाण्यावर लाल समजावा. अंदाजात 'वादळी वारे' हे शब्द दिसले की होडी त्या दिवसापुरती विसरा. काठावर बसून भाकरी खा, पक्षी काठावरूनही दिसतात.

निघायच्या आधी पुन्हा एकदा बघा. सकाळचा अंदाज दुपारी बदललेला असतो. हवामान खाते पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही देते. होडीच्या फेरीला तोच सर्वांत उपयोगी. पण मोबाइल बघून झाला म्हणजे काम झाले असे मानू नका. तो अंदाज जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा असतो, तुमच्या समोरच्या काठाचा नव्हे. दुसरी पायरी काठावरची आहे आणि तिथे तुमचे डोळेच कामाचे.

वाऱ्याचा वेग मोजायला यंत्र लागत नाही. इंग्रजांच्या आरमारातल्या बोफर्ट नावाच्या अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याची एक श्रेणी बांधली. पुढे तिला झाडापानांच्या खुणा जोडल्या गेल्या आणि ती आजही जगभर वापरतात. तिच्यातल्या चार खुणा पाठ करून ठेवाव्यात. पाने आणि बारीक डहाळ्या सारख्या हलत असतील, तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर आहे; पाण्यावर मधूनच एखादा पांढरा तुरा दिसतो. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या, तर तो २० ते २८ आहे. पाण्यावर जागोजाग पांढरे तुरे उठतात. लहान झाडे मुळापासून शेंड्यापर्यंत झुलू लागली की २९ ते ३८. आणि मोठ्या फांद्या हलायला लागल्या, विजेच्या तारा शीळ घालू लागल्या, छत्री धरवेना, म्हणजे ३९ ते ४९. आपल्यासारख्या हौशी माणसाने दुसरी खूण दिसली की होडीत चढू नये. पाण्यावर जागोजाग पांढरे दिसू लागले की सहल संपली, असा सरळ नियम घरात करून टाकावा.

काठावर उभे राहून वाऱ्याची दिशाही बघा, कारण तिथे डोळे फसतात. वारा आपल्या पाठीमागून, जमिनीकडून पाण्याकडे वाहत असेल तर काठाजवळचे पाणी गुळगुळीत दिसते. मागची टेकडी, झाडी, बांध यांनी वारा अडवलेला असतो. होडी सुटते, वारा पाठीशी असतो म्हणून अंगाला जाणवतही नाही, आणि मौजेत आपण लांबवर जातो. परत फिरलो की तोच वारा तोंडावर येतो, लाटा समोरून आदळतात. जाताना दहा मिनिटांत कापलेले अंतर येताना संपता संपत नाही. तेव्हा होडीत बसताना जातानाचा वारा बघू नका, परतताना तो कसा लागेल ते बघा. जमले तर आधी वाऱ्याच्या तोंडाकडे जावे आणि वाऱ्यासंगे परत यावे. बैलगाडी चढावर रिकामी न्यावी आणि उतारावर भरून आणावी, तसाच हा हिशेब.

वेळेचेही महत्त्व आहे. ऊन तापले की जमिनीवरची हवा हलू लागते आणि दुपारनंतर वारा वाढतो. पहाटेपासून सकाळी नऊ-दहापर्यंत पाणी बहुधा सर्वांत शांत असते. थंडीच्या दिवसांत मात्र पहाटे पाण्यावर धुके असते. काठ दिसत नसेल तर ऊन वर येईपर्यंत थांबावे. धुक्यात दोन होड्यांना एकमेक दिसत नाहीत आणि जाणत्या नावाड्यालाही दिशा चुकते.

पाण्यावर असतानाही एकाने आभाळावर नजर ठेवायची. घरातल्या कोणा थोराकडे ते काम नेमून द्यावे. बाकीच्यांनी खुशाल पक्षी बघावेत. काळा ढग उंच चढतोय, पलीकडच्या काठावर धूळ उठली, लांबचे पाणी एकदम काळपट आणि खरबरीत दिसू लागले, अंगाला गार झुळूक लागली, यांपैकी एक गोष्ट झाली की होडी फिरवायची. निघालेल्या जागीच परतण्याचा हट्ट नको. जो काठ जवळ असेल तो आपला. तिथून घरी जायला गाडी मिळेल, नाही मिळाली तर चालत जाऊ.

गडगडाट ऐकू आला तर एक क्षणही घालवू नका. उघड्या पाण्यावर आसपास सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे आपली होडी आणि तिच्यातली माणसे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर धरा. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची आपल्यावरही पडू शकते. काठाला लागल्यावर एकट्या झाडाखाली जाऊ नये, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर निदान अर्धा तास थांबा.

एवढे करूनही वाऱ्याने गाठलेच, तर उभे राहू नका. भिऊन सगळी एका बाजूला सरकली की होडी त्याच बाजूला कलंडते. होडीच्या तळाशी खाली बसा, लेकरांना मधे घ्या. नावाडी होडीचे तोंड लाटांकडे थोडे तिरपे धरील, त्याला त्याचे काम करू द्या. आडवी लाट होडीच्या कुशीवर घेणे सर्वांत घातक. जीवरक्षक जाकिटे काठावरच घालायची आणि बंद नीट आवळायचे. वादळात जाकीट घालायला वेळ मिळत नाही. लेकरांना त्यांच्या मापाचे जाकीट हवे. मोठ्याचे जाकीट लहानग्याच्या अंगातून पाण्यात निसटते. पुरेशी जाकिटे नसतील तर त्या होडीत बसू नका.

नदीवर होडीने फिरणाऱ्यांनी आपल्या डोक्यावरचे आभाळ बघून भागत नाही. वरच्या अंगाचेही बघावे लागते. आपल्याकडे लख्ख ऊन असते, पण सह्याद्रीत घाटमाथ्यावर मुसळधार पडून धरणाचे दरवाजे उघडलेले असतात. विसर्गाचे आकडे बातम्यांत 'क्युसेक'मध्ये येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हटले की दर सेकंदाला पावणेतीन लाखांहून जास्त लिटर. पाणी गढूळ झाले, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, धरणाचा भोंगा ऐकू आला, तर होडी काठाला लावून वर निघा.

सुट्टीत कोकणात जाणाऱ्या मंडळींनी तिकडच्या माणसांचे ऐकावे. बंदरावर वादळाचा बावटा लावतात. एक आणि दोन नंबरचा बावटा लांब समुद्रातल्या वादळाची खबर देतो. तीन नंबर म्हणजे वादळी वाऱ्याचा धोका खुद्द बंदरालाच. अकरापर्यंत आकडे आहेत, पण सहलीच्या माणसाला एक नंबर दिसला तरी तो पुरे. पावसाळ्यात किल्ल्यांच्या होड्या बंद ठेवतात, तेव्हा जादा पैसे देऊन कोणाला गळ घालू नका. भरती-ओहोटीचा हिशेब तर पंचांगावरूनही कळतो. तिथीला तीनने गुणून चाराने भागले की भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला-अवसेला बाराच्या सुमारास. पुनव-अवसेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाण्याला ओढ जास्त. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचे पाणी बाहेर निघालेले आणि वारा समुद्राकडून आत येणारा, असा सामना झाला की लाटा उभ्या राहतात. दुपारचे खारे वारे सुटल्यावर हा प्रकार हमखास होतो. मासे धरायला जाणाऱ्या होड्या काठावर ओढलेल्या दिसल्या, तर दुसरे काही विचारू नका. ज्याचे पोट समुद्रावर आहे तो घरी बसला असेल, तर आपण हौसेसाठी जायचे कारण नाही.

आता शेवटची आणि सगळ्यांत अवघड गोष्ट. आभाळ वाचणे आपल्याला येते, पण 'नको' म्हणणे जमत नाही. पाहुणे लांबून आलेले असतात, पोरे हिरमुसतात, मेहुणा म्हणतो, 'एवढ्याशा वाऱ्याला भ्यालात होय?' होडीवाल्याच्याही घरी चूल पेटायची असते. चार गिऱ्हाइके परत पाठवणे त्याला परवडत नाही. तो 'आज नको' म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, त्याला जादा पैशाची लालूच दाखवू नका. त्याने आपली कमाई सोडून तुमचे भले सांगितलेले असते. आणि घरातली बाई 'मला वारं बरं दिसत नाही' म्हणाली, तर तिला भित्री ठरवून हसू नका. दारात वाळवण घालता घालता तिने आभाळ वाचायला शिकलेले असते, तुमच्याआधी तिला ढग कळतो.

या घरात एक रीत पाडा. होडीत बसणाऱ्यांपैकी एकाने जरी 'आज नको' म्हटले तरी सगळ्यांनी थांबायचे, मग म्हणणारा सत्तर वर्षांचा असो की सात वर्षांचा. यात मानपान नाही, बहुमत नाही. धरण कुठे पळून जात नाही. पक्षी पुढच्या थंडीत पुन्हा येतात. भिजलेली ज्वारी पुन्हा वाळवता येते, एखादे पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. माणसाचे तसे नाही.

येत्या सुट्टीत धरणावर गेलात तर जरूर होडीत बसा. फक्त पैसे काढायला खिशात हात घालण्याआधी, खळ्यावर करता तशी एकदा मान वर करा.